ओव्हनमध्ये कोळंबी: पाणी सुटतं आणि रबर होतं, काय करू?

कोथरूडची_खादाड
मंडळी मदत हवीये. दिवाळीत घरी ओटीजी आलाय, २८ लिटरचा, आत्तापर्यंत त्यात केक, नानकटाई आणि पनीर टिक्का एवढंच झालंय. येत्या रविवारी बारा-चौदा जण जेवायला येणारेत (संकष्टी, एकादशी काही नाही ना ते आधीच कॅलेंडरात बघून ठेवलंय) आणि स्टार्टरला कोळंबी करायची असं ठरलंय. तव्यावर करायची म्हणजे एका वेळी पंधरा-वीस नग, मी ओट्यापाशी उभी आणि बाकी सगळे हॉलमध्ये गप्पा मारतायत, शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिला केव्हाच संपलेला असतो, म्हणून म्हटलं ओव्हनमध्ये दोन ट्रे एकदम लावून उरकून टाकावं.

ट्रायल म्हणून गणेश पेठेतून अर्धा किलो आणली, नेहमीचं आलं-लसूण, तिखट, हळद, लिंबू लावून १८० वर २० मिनिटं ठेवली. बाहेर काढली तर ट्रेमध्ये वाटीभर पाणी, मसाला त्यावर तरंगतोय, कोळंबी आक्रसून एवढीशी झालेली आणि चावायला रबर. आणि गंमत म्हणजे वरवरचा लसूण मात्र काळा! म्हणजे एकाच ट्रेत उकडलेलं पण आणि जळलेलं पण. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी ते सगळं पाण्यासकट कढईत ओतलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं आणि रस्सा केला. तो फार छान झाला, यातच काय ते समजून घ्या.

तर तापमान किती, वेळ किती, वरचा रॉड की दोन्ही, आणि पाणी सुटू नये म्हणून काय करायचं? फ्रोझन चालेल का? एवढ्या लोकांसाठी साफ करत बसायचं म्हणजे शनिवारची अख्खी संध्याकाळ जाणार.

सुंगटांवालो
सुंगटां ओव्हनात कित्याक घालूक व्हयी? बिडाचा तवा, चमचाभर खोबरेल, आगळ-मीठ-तिखट लावलेली कोळंबी, तीन मिनिटांत विषय संपला. ओव्हन नानकटाईला ठेवा. बाकी चालू द्या.

खटपट्या_ठाणे
सुंगटांवालो, चौदा माणसांना तव्यावरून गरम गरम वाढा आणि मग बोला :)

ताई, १८० वर २० मिनिटं हा केकचा हिशोब झाला, कोळंबीला एवढा वेळ लागतच नाही. आतलं तापमान ६३ डिग्रीच्या आसपास गेलं की ती शिजली, आणि ओव्हन नीट तापलेला असेल तर मध्यम कोळंबी सहा-सात मिनिटांत तिथे पोचते. त्यानंतर जेवढा वेळ आत राहील तेवढं मांस आकसत जातं आणि स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. तुमच्या ट्रेमधलं निम्मं पाणी ते, आणि निम्मं धुतल्यावर नीट न निथळलेलं. पाणी साठलं की मग ती भाजली जातच नाही, त्या पाण्यात उकडते, वर रंग येत नाही म्हणून आपण अजून पाच मिनिटं वाढवतो आणि ती अजून पाणी सोडते, असं ते चक्र आहे.

म्हणून आधी कोरडी करा. धुऊन चाळणीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये निथळत ठेवायची, मग जुना सुती पंचा किंवा टिश्यू घेऊन टिपून काढायची, अगदी हाताला कोरडी लागली पाहिजे. मसाला पण घट्ट हवा, आलं-लसूण मिक्सरला फिरवताना आपण सवयीने पाणी घालतो तेच पाणी पुढे ट्रेत दिसतं, त्यामुळे खलबत्त्यात ठेचा नाहीतर तेलावर वाटा. तेलाला कंजूषी नको, अर्ध्या किलोला दोन टेबलस्पून तरी, ते मसाला धरून ठेवतं आणि वरून भाजायला मदत करतं. मीठ अगदी शेवटी, ट्रेवर मांडायच्या आधी, कारण मीठ लावून ठेवलं की पाणी सुटणारच.

ओव्हन २२० ला, डायल जिथपर्यंत जाईल त्याच्या जवळपास, दोन्ही रॉड चालू, पंधरा मिनिटं प्रीहीट, आणि हे विसरू नका, ट्रे रिकामा आत ठेवूनच प्रीहीट करायचा. कोळंबी त्या तापलेल्या ट्रेवर पडली की चर्र आवाज यायला पाहिजे, नाही आला तर ट्रे थंड आहे. ट्रे वरच्या खाचेत. एकाच थरात, एकमेकांना न टेकता. पाच मिनिटांनी बघा, मग शेवटची दीड-दोन मिनिटं फक्त वरचा रॉड. इंग्रजी सी सारखी वळली की बाहेर काढायची, शेपूट डोक्याकडच्या बाजूला टेकून पूर्ण गोल ओ झाली म्हणजे गेली ती. आणि लगेच ट्रेवरून ताटात काढा, गरम ट्रेवर ती शिजतच राहते.

आता वाईट बातमी. दोन ट्रे एकदम हे विसरा. २८ लिटरमध्ये वरचा ट्रे वरच्या रॉडची आच खालच्यापर्यंत जाऊच देत नाही, शिवाय दुप्पट कोळंबी म्हणजे दुप्पट वाफ, आणि ती कोंडलेली वाफ म्हणजे परत उकडणंच. एकामागून एक ट्रे लावा. एक ट्रे सात-आठ मिनिटांचा, मध्ये दोन-तीन मिनिटं ओव्हन परत तापायला द्या, तरीही तव्यापेक्षा लवकर होतं आणि तुम्ही हॉलमध्ये बसू शकता.

कोथरूडची_खादाड
बापरे, ट्रे तापवून घ्यायचा हे डोक्यातच आलं नव्हतं. थँक्यू थँक्यू. एक राहिलं सांगायचं, मी मसाला आदल्या रात्रीच लावून ठेवलेला, चिकनला लावतो तसा, आणि काही कोळंब्या रबर झाल्या तर काही उलट आतून पिठूळ लागल्या, चावताना भुगा झाल्यासारखं. कोळंबी शिळी होती का? वास तर येत नव्हता.

ग्लेझ_आणि_बर्फ
वास येत नव्हता म्हणजे शिळी नसेल, रात्रभर मसाला लावला हेच कारण. मी पूर्वी तळोज्याला एका एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये क्वालिटीला होतो त्यामुळे कोळंबीशी जरा जास्तच ओळख आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कच्च्या आल्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, कच्च्या पपईत असतं तसलंच. मटणाला ते बरं, मटण चिवट असतं. कोळंबीचं मांस मुळातच नाजूक, रात्रभर आल्यात ठेवलं की वरचा थर पार विरघळतो, तेच तुम्हाला पिठूळ लागलं. त्यात लिंबू. आंबटाने मांस बाहेरून पांढरं पडून घट्ट होतं, म्हणजे ओव्हनात जायच्या आधीच ते अर्धवट शिजलेलं असतं आणि मग वीस मिनिटं आच. कोळंबीला मसाला पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाला, आलं घालायचंच तर अगदी थोडं, आणि लिंबू ताटात वाढताना वरून पिळा. आगळाचंही तेच, सुंगटांवालो यांची कोळंबी आगळ लावून लगेच तव्यावर जाते म्हणून जमते, तीच रात्रभर ठेवून बघा.

पिठूळ होण्याचं अजून एक कारण असतं. डोक्यासकट कोळंबी आणून तशीच फ्रिजमध्ये ठेवली की डोक्यातल्या पाचक ग्रंथीचा रस मांसात उतरतो आणि मानेकडची बाजू मऊ पडायला लागते. त्यामुळे बाजारातून आल्या आल्या निदान डोकी तरी उडवा, सालं मागाहून काढली तरी चालतील.

फ्रोझनचं विचारलंत. बिनधास्त घ्या, फक्त पाकीट वाचून घ्या. पाकिटावर २१/२५, ३१/४० असे आकडे असतात, २१/२५ म्हणजे एका पाउंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २१ ते २५ नग. ओव्हनसाठी १६/२० किंवा २१/२५ बघा, मोठी असली की आत शिजेपर्यंत बाहेर रंग यायला वेळ मिळतो. ३१/४० च्या पुढची बारीक कोळंबी तव्यावर, कोळंबी भातात, कशातही घाला, ओव्हनात नको, रंग यायच्या आधीच ती रबर होते. मग करंदीचं तर नावच नको. दुसरं म्हणजे घटकांच्या यादीत ट्रायफॉस्फेट किंवा ई४५१ दिसतंय का बघा. कोळंबीने पाणी धरून ठेवावं म्हणून ते लावतात, आणि गरम झाली की त्यातलं बरंच पाणी बाहेर येतं, पांढरट फेसासकट. फक्त कोळंबी आणि मीठ लिहिलेलं मिळालं तर उत्तम. तिसरं ग्लेझ, म्हणजे कोळंबीवर चढवलेला बर्फाचा पातळ थर, सुकू नये म्हणून असतो तो, पण वजन बघताना ग्लेझ सोडून निव्वळ किती ते बघा, नाहीतर बर्फाचे पैसे दिलेत.

हल्ली पाकिटातली बहुतेक कोळंबी व्हनामी असते, २००९ पासून आपल्याकडे तिची शेती सुरू झाली आणि आता आंध्रात प्रचंड पिकते. चवीला खाडीच्या कोळंबीची सर नाही हे मान्य, पण आकार एकसारखा असतो आणि ओव्हनात एकसारखा आकार फार कामाचा, सगळी एकाच वेळी होते. बाजारातल्या वाट्यात लहान-मोठी मिसळलेली असते, तुमच्या ट्रेत काही रबर होण्यात त्याचाही हात असणार.

बर्फ सोडवायला आदल्या रात्री चाळणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, खाली भांडं, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जातं. घाई असेल तर पाकीट न फोडता गार पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको, मायक्रोवेव्हचं डीफ्रॉस्ट तर अजिबात नको, कडेने शिजते आणि मध्ये दगड.

एका गोष्टीत खटपट्यांशी मतभेद. मीठ शेवटी लावण्यापेक्षा आधी लावा, पण खायच्या सोड्यासकट. अर्ध्या किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा सोडा चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग टिपून घ्या, मग मसाला. सोड्यामुळे मांस कमी आकसतं आणि चावताना कुरकुरीत लागतं, चायनीजवाल्यांकडची कोळंबी तशी का लागते त्यातला एक भाग हा. पाव चमचा म्हणजे पाव चमचाच, जास्त झाला तर साबणाची चव येते. आणि नंतर मसाल्यात मीठ घालायचं नाही.

खटपट्या_ठाणे
सोडा मी कधी वापरला नाही, मला त्या कुरकुरीत मांसात कोळंबीची गोडी कमी लागते. ताजी मिळाली तर नको, फ्रोझनला चालेल, एवढी तडजोड करतो.

जर्सीकर_काका
इथे न्यू जर्सीत आमच्या ओव्हनला ब्रॉइल म्हणून एक सेटिंग असतं, फक्त वरून जोरदार आच, आणि मी कोळंबी त्याच्यावरच करतो, एका बाजूने तीन मिनिटं, दार उघडून पलटायची, दुसरीकडून दीड-दोन. तुमच्या ओटीजीचा वरचा रॉड म्हणजे तेच, फक्त त्याची ताकद कमी म्हणून आधी दोन्ही रॉड चालू ठेवायचे, खटपट्या म्हणतायत ते बरोबर आहे.

लसूण जळण्यावर माझा उपाय सांगतो. बारीक चिरलेला लसूण वरच्या आचेखाली टिकत नाही, त्याला ओव्हनात घालूच नका. कोळंबीला फक्त तेल, तिखट, हळद, मीठ लावून भाजा, तेवढ्या वेळात गॅसवर छोट्या कढल्यात लोणी आणि भरपूर लसूण मंद आचेवर, लसूण जेमतेम सोनेरी झाला की गॅस बंद, आणि ट्रे बाहेर आला रे आला की ते गरम लोणी वरून ओतायचं, कोथिंबीर, लिंबू, संपलं. बायको त्यात चमचाभर कांदा-लसूण मसाला घालते, कोल्हापूरहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आमचं एक पाकीट असतंच. अमेरिकन शेजाऱ्यांनी ते खाऊन रेसिपी मागितली होती, मसाल्याचं नाव सांगून काय उपयोग म्हणून अर्धं पाकीटच दिलं.

अजून एक, शक्य असेल तर साल ठेवून करा. पाठीवरून कात्रीने साल कापायचं, काळा दोरा काढायचा, मसाला त्या चिरेत भरायचा आणि तशीच ट्रेवर. साल आच झेलतं, आतलं मांस रसाळ राहतं. खाताना हात माखतात हा भाग आहे, ऑफिसची मंडळी येणार असतील तर तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे मुलं शेपटीला धरून खातात म्हणून निदान शेपटी तरी ठेवतोच.

आणि सोबत सिमला मिरची, कांदा घालणार असाल तर त्या आधी पंधरा मिनिटं एकट्याच भाजून घ्या. भाज्या आणि कोळंबी एकदम घातली तर एक कच्चं राहतं नाहीतर एक चिवट होतं.

मावशी_डोंबिवली
माझ्याकडे ओटीजी नाही, मायक्रोवेव्ह आहे कन्व्हेक्शनवाला, त्यात होईल का हे सगळं?

खटपट्या_ठाणे
होईल मावशी, पण कन्व्हेक्शन मोडवर, मायक्रोवेव्ह मोडवर नाही. मायक्रोवेव्ह मोडवर ती नुसती उकडते आणि तीही कुठे जास्त कुठे कमी. २०० ला प्रीहीट करा, उंच जाळीचा स्टँड ठेवा म्हणजे कोळंबी वरच्या आचेजवळ जाईल, आणि धातूचा ट्रे वापरताना मोड बदलला नाही ना ते दोनदा बघा. ग्रिलचं बटण असेल तर शेवटची दोन मिनिटं ग्रिल.

एअरफ्रायरवाली
कोणी एअर फ्रायर म्हणत कसं नाही! २०० ला पाच-सहा मिनिटं, मध्ये एकदा हलवायची. दोघा-तिघांसाठी ओव्हनपेक्षा कितीतरी बरं, चौदा जणांसाठी मात्र नाही, बास्केटमध्ये मावत नाही. आणि सुका मसाला जोराच्या हवेने उडून जाळीवर जळतो, तेव्हा तेलात कालवूनच लावा.

उरणची_सून
सगळे खरपूस खरपूस म्हणतायत म्हणून मी जरा उलटं सांगते. ओव्हनला रसाळ कोळंबी पण फार छान येते, केळीच्या पानात गुंडाळून, आणि यात बिघडायची भीती कमी, कारण पाणी सुटलं तरी ते पानातच राहतं आणि मसाल्यात मुरतं. आमच्याकडे हे चुलीच्या निखाऱ्यावर व्हायचं, आता कोण निखारे करतंय.

वाटण असं, मूठभर कोथिंबीर, चार-पाच हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा अगदी छोटा तुकडा, अर्धी वाटी ओलं खोबरं, थोडं जिरं, आणि पाणी जवळजवळ नाहीच. खोबरं असल्यामुळे वाटण घट्ट राहतं. त्यात हळद, मीठ, दोन चमचे तेल, आणि दोन-तीन आमसुलं बारीक चिरून. कोळंबीला लावून लगेच पानात बांधायची. पान आधी गॅसवर शेकून घ्या, फिरवता फिरवता त्याचा रंग गडद हिरवा होतो आणि चकाकी येते, मग ते कसंही वळवा, चिरत नाही. न शेकता बांधायला गेलात की शिरेवर फाटलंच समजा आणि सगळा रस ट्रेत. कोळंबी एकाच थरात पसरून पान चौकोनी दुमडायचं, टूथपिक लावायची, २०० ला बारा-तेरा मिनिटं. पान वरून तपकिरी पडतं, त्याचा असा वास सुटतो की विचारू नका. काढल्यावर दोन मिनिटं थांबून कात्रीने ताटातच उघडायचं, प्रत्येकाला एक पुडी. आदल्या दिवशी फक्त वाटण करून ठेवा, बांधायचं ऐनवेळी.

पोपटीची आठवण झाली यावरून. थंडीत आमच्या रायगडात मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा घालून पोपटी लावतात, त्यात कोणी चिकन घालतं, कोणी अंडी, एकदा दिरांनी पानात बांधून कोळंबीच्या पुड्या टाकल्या होत्या, त्या आधी संपल्या. ते ओव्हनात होत नाही हां, कोणी विचारायच्या आत सांगते, भांबुर्डीचा पाला आणि जाळ हेच तर सगळं असतं त्यात.

सुंगटांवालो
केळीचं पान म्हटल्यावर मी गप्प बसलो. ह्यां मात्र बरां असा. पण रवा लावलेली कोळंबी ओव्हनात करून दाखवा, मग मानेन.

खटपट्या_ठाणे
रव्याचं खरंय, कच्चा रवा लावून ओव्हनात टाकली तर तोंडात वाळू. सात मिनिटांत कोळंबी होते, रवा होत नाही. पण रवा आधी चमचाभर तेलावर कढईत सोनेरी भाजून घ्यायचा, गार करायचा, त्यात तिखट-मीठ घालायचं, मग कोळंबीला अंड्याचा पांढरा भाग पुसट लावून त्या रव्यात घोळवायची. रवा आधीच झालेला असतो, ओव्हनला फक्त कोळंबी शिजवायची उरते. तव्यासारखी होत नाही, पण वाळूही नाही.

तिसरा_मजला
रेसिपी सगळ्या भारी, पण वासाचं काय ते कोणी बोलेना. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर कोळंबी धुतली तरी जिन्यात नाकं मुरडतात. ओव्हनमध्ये वास कोंडून राहतो आणि पुढच्या केकला लागतो, बायकोने मला तंबी दिलीये.

उरणची_सून
केकला वास लागतो तो ओव्हनमुळे कमी आणि रॉडवर, जाळीवर उडालेल्या मसाल्याच्या तेलामुळे जास्त. ट्रेखाली क्रम्ब ट्रे असतो तो काढून धुवा, कोणी धुतच नाही तो. आतून गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, मग वाटीत पाणी आणि लिंबाची सालं ठेवून १५० ला पंधरा मिनिटं, नंतर दार उघडं टाकून ठेवा. आणि धुतलेलं पाणी, सालं घरात ठेवू नका, खरा वास तिथून येतो. सालं फेकायची नसतील तर उलट त्यांचा उपयोग करा, डोकी आणि सालं १८० ला आठ-दहा मिनिटं ट्रेवर भाजायची, लाल आणि कोरडी झाली की पाण्यात कांदा, मिरी घालून वीस मिनिटं उकळून गाळून घ्यायची. त्या पाण्यात रविवारचा कोळंबी भात करा, भाताला काय चव येते. फ्रोझन सोललेली आणलीत तर हे सुख नाही.

आणि सोड्यांची (म्हणजे सुक्या कोळंबीची), जवळ्याची भाजणी मात्र कृपा करून ओव्हनात करू नका, सोसायटीच सोडावी लागेल :D

कोथरूडची_खादाड
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आता माझा प्लॅन असा. फ्रोझन २१/२५, शेपटीसकट, ट्रायफॉस्फेट नसलेली बघून आणते. चौदा माणसं, दरडोई सहा नग धरले तर चार पाउंडाच्या आसपास, म्हणजे पावणेदोन-दोन किलो, बरोबर ना? निम्मी लोणी-लसूणवाली ट्रेवर, निम्मी केळीच्या पानात. सोडा निम्म्याला लावून बघते, दोघांचंही ऐकलं असं होईल. एकच अडचण, चौघे शाकाहारी आहेत, त्यांना पनीर टिक्का त्याच ओव्हनमध्ये करायचाय. आणि उरली तर काय करायचं?

ग्लेझ_आणि_बर्फ
चौघे शाकाहारी असतील तर मग दहाच जण झाले की हो, दीड किलो निव्वळ वजनाची आणा, पुरून उरेल. बाजारातून डोक्यासकट घेणार असाल तर मात्र सुमारे तीन किलो लागेल, डोकं-साल गेल्यावर निम्मी उरते. पनीर आधी करून घ्या, वेगळ्या ट्रेवर, फॉइल लावून, आणि ते ताटात गेल्यावर मगच कोळंबी आत. चिमटे, ब्रश वेगळे ठेवा. पाहुण्यांत कोणाला कोळंबीची ॲलर्जी आहे का ते आजच फोन करून विचारा, असेल तर त्यांचं पनीर या ओव्हनात नकोच, तव्यावर करून द्या.

खटपट्या_ठाणे
क्रम असा लावा: पनीर, मग केळीच्या पुड्या, त्या पानात दहा मिनिटं गरम राहतात, तेवढ्यात ट्रेवाली कोळंबी आणि ती थेट ओव्हनातून ताटात. फ्रिजमधून काढलेली मसाल्याची कोळंबी ट्रे बाहेर काढायच्या वेळेलाच बाहेर काढा, ओट्यावर तासभर ठेवू नका. आणि ओव्हनचा प्लग जाड पिनांच्या १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावलाय ना ते बघा, एक्स्टेंशन बोर्डवर नको. त्या दिवशी गीझर, मिक्सर सगळं चालू असणार.

जर्सीकर_काका
उरलेली परत ओव्हनात गरम करायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, पुन्हा रबर. जेवणं झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गारच बारीक चिरून अंडं फेटताना त्यात घाला, किंवा फोडणीचा भात उतरवायच्या आधी वरून टाकून झाकण ठेवा. केळीच्या पानातलं वाटण उरलं असेल तर ते पोळीला लावून खा. आमच्याकडे कधी उरत नाही, पण तुमच्याकडे चौघे शाकाहारी आहेत.

कोथरूडची_खादाड
चौघांपैकी एकजण घरी शाकाहारी आणि बाहेर सगळं खाणारा आहे, त्याची एक पुडी जास्त बांधते. केळीचं पान मंडईत मिळेल ना सकाळी?

एअरफ्रायरवाली
मिळेल, फुलवाल्यांच्या बाजूला बघा. कोवळं घेऊ नका, फाटतं. आणि एक-दोन जास्तीची घ्या, शेकताना एखादं जातंच.